क्रँकसेट बदललाय? स्क्रूला हात लावायच्या आधी डिरेलर खाली घ्या

बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ गुडघ्यांना जड जायला लागला म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी सायकलचा क्रँकसेट, म्हणजे पॅडलचे दांडे आणि त्यांना जोडलेली दातेरी चक्रं (चेनव्हील), बदलला. जुना ४८-३८-२८ दात्यांचा होता, नवा ४२-३२-२२ चा. बसवायला अर्धा तास पुरला, पण पुढचे गिअर काही केल्या पडेनात. मधल्या चेनव्हीलवरची चेन मोठ्यावर चढायचीच नाही, नुसती घासत राहायची. एका दुकानात दाखवली. त्यांनी चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या पुढच्या डिरेलरचे एल आणि एच (लो आणि हाय) असे दोन स्क्रू बरेच पिळले, केबल ताणली आणि नवा डिरेलर घ्यावा लागेल म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी येळ्ळूरच्या पुढं, भर पावसात, चेन आतल्या बाजूला पडली आणि फ्रेमचा रंग खरवडून गेला. चेन सोडवायला खाली बसलो तेव्हा दिसलं, डिरेलरच्या पिंजऱ्याची (ज्या दोन पट्ट्यांमधून चेन जाते त्याची) खालची कड आणि मोठ्या चेनव्हीलचे दाते यांच्यामध्ये माझी करंगळी सहज जात होती.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, नीट बसला नसेल तर कट कितीही जपून घ्या, माप चुकणारच. डिरेलरचंही तसंच आहे. एलचा स्क्रू पिंजरा आत किती जाईल आणि एचचा बाहेर किती जाईल एवढंच ठरवतो. पिंजरा वर राहिला असेल तर ते काहीही करू शकत नाहीत.

किती खाली घ्यायचा याचा हिशोब सोपा आहे. चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी. एक दाता कमी झाला की परीघ तेवढ्यानं घटतो, म्हणजे त्रिज्या साधारण २ मिमीनं. माझे ४८ चे ४२ झाले, ६ दाते गेले, म्हणून डिरेलर १२ मिमी खाली यायला हवा होता. तो जुन्याच जागी होता.

आता काम. पुढचा शिफ्टर सगळ्यात लहान गिअरवर आणा आणि केबलचा बोल्ट सोडा. हे आधीच करा, नाहीतर डिरेलर सरकवताना केबल ताणली जाते किंवा ढिली पडते आणि पुढचं सगळं चुकतं. मग सीटच्या नळीवर क्लँपच्या खालच्या कडेला इन्सुलेशन टेपची पट्टी लावा, पेननं आत्ताची जागा आखा, तिच्याखाली तुमच्या हिशोबाच्या अंतरावर (माझ्यासाठी १२ मिमी) दुसरी रेघ मारा. क्लँप ढिला केला की त्याखालची नळी पुसून घ्या. आमच्या जांबोटी रस्त्यावरचा तांबडा चिखल तिथं सुकून बसलेला असतो, आणि त्यावर आवळलेला क्लँप पुढं हळूहळू फिरतो.

क्लँप दुसऱ्या रेघेवर आणून हलकासा आवळा. पिंजरा हातानं बाहेर ओढून मोठ्या चेनव्हीलच्या बरोबर वर आणा. स्प्रिंग कडक असते, म्हणून मी भाच्याला धरायला बसवतो. बाहेरच्या पट्टीची खालची कड आणि दात्यांचं टोक यांत १ ते ३ मिमी फट हवी. मी २ मिमीची ॲलन की मध्ये घालून बघतो. ती अलगद जायला हवी, लटपटता कामा नये. क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून बघा, चेनव्हील थोडं वाकडं असेल तर फट कमीजास्त होते. मग वरून, सीटवरनं वाकून बघा. बाहेरची पट्टी चेनव्हीलला समांतर दिसली पाहिजे. इथं वेळ घ्या. क्लँपचा बोल्ट आवळताना डिरेलर थोडा फिरतोच, त्यामुळं मी दोन-तीनदा तरी परत बघतो. आमचे कन्नड मिस्त्री चक आवळताना 'निधान, निधान' म्हणतात, म्हणजे सावकाश. तसंच.

पिंजऱ्याची मागची शेपटी चेनस्टेला (मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) टेकत नाही ना, तेही बघा. ४८ साठी घडवलेल्या पिंजऱ्याची गोलाई ४२ ला तंतोतंत जुळत नाही, त्यामुळं गिअर किंचित आळसानं पडतो. मला ते चालतं. शेपटी टेकत असेल तर मात्र लहान चेनव्हीलचा डिरेलर घ्यावाच लागेल.

आता स्क्रू. चेन पुढं सगळ्यात लहान आणि मागं सगळ्यात मोठ्या चक्रावर आणा. केबल अजून सुटीच आहे. एलचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिमी फट ठेवा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा मध्ये सरकतो एवढी. एल आवळला की पिंजरा बाहेर सरकतो. चेन आत पडत असेल तर इथंच तिचा बंदोबस्त होतो.

शिफ्टरजवळची केबल आवळायची नळकांडी पूर्ण आत घालून दीड फेरा बाहेर काढा, केबल पक्कडीनं ओढून बोल्ट आवळा. उघडी केबल एकदा हातानं जोरात ओढा, म्हणजे आउटरची (केबलच्या बाहेरच्या आवरणाची) टोकं बसतात. ढील आली तर परत ओढून घ्या. मग मोठं चेनव्हील, मागं सगळ्यात लहान चक्र, आणि एचचा स्क्रू. इथं बाहेरच्या पट्टीशी तीच अर्ध्या मिमीची फट. शेवटी मधलं चेनव्हील आणि मागचं मोठं चक्र लावून आतली पट्टी बघा. घासत असेल तर स्क्रूला हात लावू नका, नळकांडीनं केबल थोडी सैल करा.

चेनव्हील लहान झाल्यावर चेनही थोडी लांब पडते. माझ्या चेनची एक जोडी, म्हणजे दोन कड्या, काढावी लागली.

स्टँडवर सगळं जमलं तरी मी वडगावातून भातशेतांमधल्या येळ्ळूर रस्त्यानं गडाकडं एक चक्कर मारतो. गिअर चढाच्या आधी बदला, बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करा. परत आल्यावर क्रँकचे दोन्ही बोल्ट पुन्हा आवळून बघा. चौकोनी शाफ्टवर बसणारा क्रँक पहिल्या फेरीत आणखी थोडा आत बसतो, आणि माझ्या डाव्या बोल्टनं त्या दिवशी जवळजवळ पाव फेरा घेतला.