लिव्हरची एस्प्रेसो यंत्रे : निवड, वापर आणि निगा

हाताने लिव्हर ओढून एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली काढलेली दाट कॉफी, काढणारी यंत्रे जमवण्याची इच्छा असेल, तर पहिले यंत्र कपाटात मांडण्यासाठी न घेता रोज सकाळी चालवण्यासाठी घ्यावे, कारण एका यंत्रावर हात बसल्याशिवाय दुसरे पारखण्याची नजर येत नाही. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी १९४७ मध्ये लिव्हरच्या पिस्टनचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची यंत्रे वाफेच्या जेमतेम दीड-दोन बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबावर चालत; पिस्टनमुळे तो दाब ८-९ बारपर्यंत गेला आणि कपात क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा सोनेरी फेस, दिसू लागला.

यंत्रांचे प्रकार चमकेवरून न ओळखता दाब कोण देतो यावरून ओळखावेत. ला पावोनीच्या युरोपिकोलामध्ये दाब आपला हात देतो. इलेक्ट्राच्या मायक्रो कासा आ लेव्हामध्ये लिव्हर खाली ओढून स्प्रिंग दाबायची असते आणि पाणी कॉफीतून ढकलण्याचे काम ती स्प्रिंग करते. ती मोकळी होत जाते तसा दाबही आपोआप उतरतो. कॅफेलॅट रोबोट किंवा फ्लेअर यांना बॉयलरच नसतो, उकळलेले पाणी वरून ओतायचे असते. नवख्याने याच तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात विजेचा आणि वाफेचा धोका नाही. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या साताऱ्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते आणि महाबळेश्वरात त्याहूनही कमी तापमानाला, म्हणून पाणी ओतण्यापूर्वी यंत्राचे भांडे गरम पाण्याने चांगले तापवून घ्यावे.

जुने यंत्र घेताना तळाची प्लेट उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ते ११० व्होल्टचे असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावताच हीटर जळेल. अर्थिंगची वायर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलरच्या सांध्यांवरचे हिरवट डाग वायरमनला सोबत घेऊन तपासावेत. फार जुन्या यंत्रांतील उष्णतारोधक आच्छादनात अॅस्बेस्टॉस असू शकते, ते घरी खरवडू नये. युरोपिकोलाच्या सुरुवातीच्या मॉडेलांना प्रेशरस्टॅट, म्हणजे दाब पुरेसा झाला की हीटर आपोआप बंद करणारा स्विच, नव्हता, त्यामुळे चालू यंत्रापासून हलता येत नाही. तिची बास्केट, म्हणजे कॉफीची पूड भरायची जाळीदार वाटी, २००० सालाच्या सुमारास ४९ मिलिमीटरवरून ५१ मिलिमीटर झाली, म्हणून गॅस्केट मागवण्यापूर्वी माप घ्यावे. नेमक्या मापाचा टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा दट्ट्या, मिळाला नाही, तर कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून स्टीलचा कातून घेता येतो, आणि तो विकतच्यापेक्षा बास्केटमध्ये चपखल बसतो.

युरोपिकोलावर कॉफी काढताना बॉयलर पाण्याने भरून यंत्र तापू द्यावे आणि वाफेची नळी थोडी उघडून आत अडकलेली हवा सोडून द्यावी, नाहीतर पाणी पुरेसे तापण्याआधीच प्रेशरस्टॅट हीटर बंद करतो. चिकमगळूर किंवा कोडगूच्या ताज्या भाजलेल्या बिया लागलीच दळून सुमारे १४ ग्रॅम पूड बास्केटमध्ये सारखी पसरून दाबावी. लिव्हर सावकाश वर न्यावी. ती माथ्याशी पोचताच पाणी आत शिरल्याचा बारीक आवाज येतो आणि पाच-दहा सेकंदांत पोर्टाफिल्टरच्या (बास्केट धरणाऱ्या मुठीच्या भागाच्या) तोटीला काळसर थेंब धरतो. तो थेंब दिसला की लिव्हर एकसारख्या जोराने खाली आणावी आणि शेवटाकडे जोर हलका करावा. ४९ मिलिमीटरच्या पिस्टनवर ९ बार म्हणजे जवळपास १७० किलोंचा भार होतो. लांब दांड्यामुळेच तो हाताला झेपतो. लिव्हर लोण्यासारखी खाली गेली तर दळण जाड आहे, हलतच नसेल तर फार बारीक आहे. अशा वेळी अंगाचा जोर न लावता दळण बदलावे, आणि दाब पूर्ण उतरेपर्यंत पोर्टाफिल्टर काढू नये, कारण उकळती पूड अंगावर उडते. स्प्रिंगच्या यंत्रात लिव्हरवरचा हात मध्येच सोडू नये. कॉफीचा अडथळा नसेल तर ती उसळून थेट हनुवटीवर बसते. लागोपाठ दोन-तीन कप झाले की युरोपिकोलाचा पिस्टनचा भाग फाजील तापतो आणि कॉफी करपट लागते, तेव्हा त्यावर ओले फडके धरावे किंवा थोडे थांबावे.

बोअरच्या जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार बसतात, म्हणून ते कधीही वापरू नये. क्षार बसलेच, तर सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने धुऊन साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून काढावे. लिव्हर अडकत चालू लागली की पिस्टनची गॅस्केटे बदलून त्यांना अन्नासाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे.

संग्रह वाढवताना एकाच यंत्राचे पाच रंग घेण्यापेक्षा दाब देण्याच्या निरनिराळ्या रीती गोळा कराव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी चालवता येतील तेवढीच यंत्रे ठेवावीत. सातारच्या पावसाळ्यात जे यंत्र बंद राहणार असेल, त्याचा बॉयलर रिकामा करून झाकण उघडे ठेवावे, स्प्रिंग ताणाखाली राहू देऊ नये आणि गॅस्केटचे माप व ते बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी तळाला चिकटवून ठेवावी.