इन्सादोंगमध्ये कागद, कुंचला आणि शिक्का कसा निवडावा

दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिच्या मध्यभागी, आन्गुक चौकापासून दक्षिणेकडे जोंगनो रस्त्याच्या दिशेने जाणारी सुमारे 700 मीटर लांबीची मुख्य गल्ली म्हणजे इन्सादोंग. पंखे आणि की-चेन घेण्यासाठी आलेल्या माणसाला ही गल्ली तासाभरात संपल्यासारखी वाटते. पण ही मुळात चित्रकारांच्या आणि सुलेखनकारांच्या साहित्याची पेठ आहे, हे ध्यानात ठेवून येणाऱ्याला अर्धा दिवसही अपुरा पडतो. कोरियातील जुन्या जोसन राजवटीत दरबारी चित्रकारांचे कार्यालय याच परिसरात होते. पुढे जपानी अमलात परिस्थिती खालावलेल्या खानदानी घरांनी आपल्याकडच्या जुन्या वस्तू विकायला काढल्या आणि पुराणवस्तूंची दुकाने वाढली. जुन्या ग्रंथांचे थोंगमुन्ग्वान हे दुकान 1934 मधले. म्हणून येथे शोभेची तयार वस्तू घेण्यापेक्षा साहित्य घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवर आन्गुक स्थानकाला उतरून 6 क्रमांकाच्या दाराने बाहेर पडल्यास गल्लीचे उत्तर टोक काही मिनिटांवर आहे. तेथून दक्षिणेकडे चालत गेल्यास शेवटी थापगोल उद्यान लागते. 1 मार्च 1919 रोजी कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथेच वाचला गेला. वाहनांना बंदी घालण्याची सुरुवात 1997 मध्ये केवळ रविवारपुरती झाली आणि नंतर ती इतर दिवसांनाही लागू होत गेली. तरी बंदीच्या तासांबाहेर आणि बाजूच्या बोळांत मालाच्या गाड्या येतात, तेव्हा कान उघडे ठेवावेत. चित्रदालनांतील प्रदर्शने साधारणपणे बुधवारी बदलतात. मंगळवारी दुपारनंतर गेलात तर चित्रे उतरवण्याचे काम पाहायला मिळण्याची शक्यता अधिक.

पहिला थांबा कागदाच्या दुकानात घ्यावा. कोरियातील पारंपरिक कागदाला ‘हान्जी’ म्हणतात आणि तो कागदी तुतीच्या आतल्या सालीपासून करतात. जुन्या पद्धतीत कारागीर एका दोरीला टांगलेली चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवतो, त्यामुळे तंतू एकमेकांना छेद देत बसतात आणि कागद दोन्ही दिशांनी सारखाच चिवट होतो. ताव उजेडासमोर धरला, की हे आडवे-उभे लांब तंतू डोळ्यांना दिसतात. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुधा एकाच दिशेने झुकलेले असतात, आणि त्यात लाकडाचा लगदा मिसळलेला असू शकतो. दुकानदाराकडे तुकडा मिळाला तर तो फाडून पाहावा. हातकागदाची कडा केसाळ, पिसासारखी सुटते, तर लाकडी लगद्याचा कागद सरळ आणि आखूड फाटतो. सरावासाठी मात्र महाग हान्जी घेऊ नये. त्यासाठी ‘ह्वासनजी’ नावाचा, शाई भरभर शोषणारा पातळ कागद मिळतो आणि शिकणारे तोच वापरतात.

कुंचला निवडताना पूर्व आशियातील जुन्या कसोट्या चार: टोक अणकुचीदार असावे, केस चपटे केल्यावर त्यांची टोके एका रेषेत यावीत, पोट सर्व बाजूंनी गोल असावे आणि दाबून सोडल्यावर केस परत सरळ व्हावेत. अडचण अशी, की नवा कुंचला खळ लावून कडक केलेला असतो, त्यामुळे दुकानात पहिली कसोटी सोडता बाकीच्या कळत नाहीत. ज्या दुकानात मोकळा केलेला नमुना पाण्यात बुडवून पाहू देतात, तेथेच खरेदी करावी. शेळीचे पांढरे केस मऊ असतात आणि भरपूर शाई धरतात, पण हात बसलेला नसेल तर ते ताब्यात राहत नाहीत. नवशिक्याला पिवळसर, थोडे ताठ असे वीझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे केस किंवा दोन्हींचे मिश्रण सोपे जाते.

दगडी शिक्का, म्हणजे ‘दोजांग’, कोरून घेण्याआधी आपले नाव कोरियन लिपीत कसे बसते ते पाहावे, आणि हा भाग मराठी माणसाला विशेष गमतीचा वाटेल. त्या लिपीत ‘ळ’ नाही, ‘ट’ आणि ‘त’ यांत भेद नाही, ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांना जागा नाही आणि ‘व’चे ‘ब’ तरी होते किंवा इंग्रजी डब्ल्यूसारखा उच्चार तरी. ‘र’ आणि ‘ल’ यांना एकच अक्षर असल्याने रीना आणि लीना यांचे शिक्के तंतोतंत सारखे निघतात. नावाच्या मध्ये ‘ल’ आला तर तेच अक्षर दोनदा लिहून वेळ मारून नेतात. नावातल्या प्रत्येक उच्चारखंडाचा (जसे ‘री’ आणि ‘ना’) एक चौकोन होतो, म्हणून दोन ते चार चौकोनांचे नाव दगडावर नीट बसते. विश्वनाथासारखे नाव आखडून जाते, त्यापेक्षा घरचे हाक मारण्याचे नाव द्यावे. अक्षरे पांढरी आणि भोवती लाल हवे, की उलट, हे आधी सांगावे. दगडावर नाव उलटे दिसते, त्यामुळे ते दगडाकडे पाहून तपासू नये. लाल शाईचा ठसा कागदावर उठवून घ्यावा आणि तो पाहूनच पैसे द्यावेत. काही ठिकाणी कोरीवकाम यंत्राने होते. हाताचेच हवे असेल तर तसे विचारण्यात संकोच नसावा.

गल्लीच्या मध्यावर सामजीगिल ही 2004 मध्ये उघडलेली इमारत आहे. मधल्या चौकाभोवती चढत जाणाऱ्या उताराच्या वाटेने, जिना न चढता, वरच्या मजल्यापर्यंत जाता येते. भेटवस्तू घ्यायच्याच असतील तर लहान कारागिरांची दुकाने येथे एकत्र सापडतात. मालाबद्दल शंका आली तर ‘गुक्सानीएयो?’ म्हणजे ‘कोरियातलेच आहे का?’ असे विचारावे. रस्त्यावरच्या टोपल्यांतील बराच स्वस्त माल बाहेरून येतो. दुकानांत किंमत ठरलेली असते, घासाघीस करणे तेथे शोभत नाही.

जुनी वस्तू घेताना घाई करू नये. सांस्कृतिक वारसा ठरू शकणाऱ्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून विक्रेत्याकडून लेखी पावती घ्यावी आणि विमानतळावरील तपासणी कक्षासाठी वेळ राखून ठेवावा. किमतीत 10 टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. करपरतीची पाटी असलेल्या दुकानात पासपोर्ट दाखवून त्याची पावती मागावी, आणि विमानतळावरच्या करपरतीच्या यंत्राने माल दाखवायला सांगितले तर सामान विमानात टाकण्यापूर्वीच तो सीमाशुल्क कक्षात न्यावा. कागद मात्र घडी न घालता नळीत गुंडाळून हातातच ठेवावा, कारण हान्जीवर पडलेली घडी सहजासहजी जात नाही.