सिलिकॉन फोटॉनिक क्रिस्टल वेव्हगाइड डिझाइन करायचाय? मग असं करा

एमएस्सी-एमटेकच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला की बरेच जण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडून बसतात. थांबा, आधी वेव्हगाइड, म्हणजे चिपवरची प्रकाशाची वाट, कशासाठी हवाय ते ठरवा. प्रकाश नुसता इकडून तिकडे न्यायचा असेल तर ४५० नॅनोमीटर रुंदीची साधी सिलिकॉन वायर पुरते, आणि तिच्यात लॉसही कमी. फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे बारीक भोकांची जाळी पाडलेलं सिलिकॉन; भोकांचा एवढा खटाटोप करायचा तो स्लो लाइटसाठी, म्हणजे प्रकाशाचा वेग पाडून छोट्याशा जागेत मोठं काम करून घ्यायचं असेल तर.

एक हिशोबच करून बघू. १०० मायक्रॉन लांबीचा थर्मल स्विच बनवायचाय, त्यात पाय (π) म्हणजे अर्ध्या लाटेइतका फेज शिफ्ट हवा. साध्या वायरचा ग्रुप इंडेक्स (निर्वातातल्यापेक्षा प्रकाशाची पल्स किती पट सावकाश जाते तो आकडा) ४.२ च्या आसपास असतो, तिथे सिलिकॉन साधारण ३५ अंशांनी तापवावं लागतं. तोच ग्रुप इंडेक्स ३० केला तर ५ अंशांत काम होतं (सगळा प्रकाश सिलिकॉनमध्येच आहे असं धरून). मॉड्युलेटर, सेन्सर, जपानच्या योकोहामातल्या तोशिहिको बाबा यांच्या ग्रुपचं लिडारवरचं (लेझरने अंतर मोजण्यावरचं) काम, सगळीकडे फायदा हाच. २००९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी असल्याच वेव्हगाइडमधून इन्फ्रारेडचा हिरवा प्रकाश काढून दाखवला, सिलिकॉनमधून हिरवा!

आता डिझाइन. १९८७ मध्ये याब्लोनोविच आणि साजीव जॉन यांनी वेगवेगळे पेपर लिहून मांडलेली कल्पना अशी की ठरावीक अंतराने भोकं असलेल्या मटेरियलमध्ये काही तरंगलांबींना जागाच उरत नाही. आपण त्रिकोणी जाळीत भोकं पाडायची आणि मधली एक ओळ पाडायचीच नाही, मग प्रकाश त्या ओळीतूनच जातो. याला डब्ल्यू१ म्हणतात. सुरुवातीचे आकडे हे घ्या: २२० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन थर, भोकांमधलं अंतर (केंद्रापासून केंद्रापर्यंत) ४२०, त्रिज्या त्या अंतराच्या ०.२९ पट म्हणजे साधारण १२२ नॅनोमीटर. १५५० च्या आसपास काम करायला एवढं बास, बाकी नंतर सरकवता येतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे, एमआयटीचं एमपीबी, पायथनमधून चालतं; जाळीतून कोणत्या फ्रिक्वेन्सीचा प्रकाश जातो ते, म्हणजे बँड, काढून देतं. आधी २डी करा, पण सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ न टाकता स्लॅबचा (त्या पातळ थराचा) इफेक्टिव्ह इंडेक्स टाका, साधारण २.८. बँडचा आकार कळला की लगेच ३डी करा कारण २डी मधली फ्रिक्वेन्सी खरी मानून मास्क (चिपवर उमटवायचा आराखडा) काढला तर तो नक्की चुकणार. ३डी मध्ये स्लॅबची जाडी ०.५२ युनिट येते (२२० भागिले ४२०), सेलची उंची ४ युनिट तरी ठेवा, रिझोल्यूशन १६ च्या खाली नको, आणि झेड-इव्हन रन करा, त्यात टीई मोड (विद्युत क्षेत्र थराच्या प्रतलात असलेले प्रकाशाचे नमुने) मिळतात.

लाइट लाइनकडे (जिच्या वर गेलं की प्रकाश थरातून बाहेर गळतो ती रेषा) मात्र नीट बघा, बहुतेकांचं इथेच दुर्लक्ष होतं. आपल्या मोडची फ्रिक्वेन्सी ०.२७ (४२० भागिले १५५०) धरा. थराच्या खाली-वर मोकळी हवा असेल तर के (वेव्हव्हेक्टर, त्याच युनिटमध्ये) ०.२७ पासून ०.५ पर्यंतचा पट्टा वापरता येतो. भोवती ऑक्साइड ठेवलं तर ०.२७ गुणिले १.४४, म्हणजे ०.३९ पासूनच पुढचा उरतो. शिवाय खाली ऑक्साइड आणि वर मोकळी हवा असेल तर सिमेट्री मोडते, टीई मोड टीएममध्ये (दुसऱ्या पोलरायझेशनमध्ये) मिसळतो आणि प्रकाश गळतो. म्हणून खालचं ऑक्साइड काढून मेम्ब्रेन करतात. त्यासाठी एचएफ (हायड्रोफ्लुओरिक ॲसिड) लागतं, ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाबरोबरच करा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ आहे ना ते आधी बघा, प्लीज.

आता ग्रुप इंडेक्स किती ठेवायचा? आयबीएमने २००५ मध्ये वेग ३०० पटीने कमी करून दाखवला होता, ते वाचून सगळ्यांना शंभर-दोनशे हवे असतात. माझं स्पष्ट मत, २० ते ३० वर थांबा. बँडच्या कडेला वेग कमी होतो खरा, पण भोकांच्या खडबडीतपणामुळे मागे उलटणारा प्रकाश जवळपास ग्रुप इंडेक्सच्या वर्गाने वाढतो, शिवाय वेग दर तरंगलांबीला बदलत राहतो आणि पल्स पसरते. त्यापेक्षा सेंट अँड्र्यूजच्या ग्रुपने २००८ मध्ये दाखवलेली पद्धत वापरा: गाइडला लागून असलेल्या पहिल्या दोन ओळी गाइडशी काटकोनात थोड्या सरकवायच्या, की ३० च्या आसपास साधारण १५ नॅनोमीटरचा सपाट पट्टा मिळतो. वायरमधून स्लो भागात एकदम घुसू नका, मध्ये दहाएक भोकांचं अंतर गाइडच्या दिशेने जरा ताणून ठेवा, तिथे मोड वेगात असतो आणि रिफ्लेक्शन कमी होतं.

बनवायला ई-बीम (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी काढणं) आणि ड्राय एचिंग (वायूने भोकं कोरणं) लागतं. कॉलेजात क्लीनरूम नसेल तर पवईची आयआयटी किंवा बंगळुरूची आयआयएससी इथे केंद्र सरकारच्या आयएनयूपी योजनेतून बाहेरच्यांनाही काम करता येतं. चिपवर एकच डिझाइन कधीच ठेवू नका. त्रिज्या २-२ नॅनोमीटरने बदलत पाच-सहा कॉपी टाका, कारण १ नॅनोमीटरच्या फरकानेही कट-ऑफ (ज्या तरंगलांबीपुढे गाइड प्रकाश नेत नाही ती हद्द) जाणवण्याइतका सरकतो. शेजारी एक साधी वायर रेफरन्स म्हणून हवीच.

मोजताना पोलरायझेशन टीई करून ट्युनेबल लेझर सावकाश फिरवा. दोन्ही टोकांच्या रिफ्लेक्शनमुळे ट्रान्समिशनमध्ये लाटा दिसतील, कट-ऑफकडे जाताना त्या दाट होत जातात. दोन शिखरांमधलं अंतर मोजा, तरंगलांबीच्या वर्गाला दुप्पट लांबी गुणिले त्या अंतराने भागा. १०० मायक्रॉनच्या गाइडमध्ये १५५० ला ०.४ नॅनोमीटर अंतर आलं तर उत्तर, म्हणजे ग्रुप इंडेक्स, ३०. कट-ऑफ सिम्युलेशनपेक्षा कमी तरंगलांबीला आला तर भोकं बहुतेक मोठी झालीत, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) त्रिज्या मोजून खात्री करा आणि पुढच्या मास्कमध्ये त्रिज्याच कमी करा, जाळीचं अंतर तसंच ठेवा.