‘वॉन्टन’ हा शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा

निफाडकडचा एक मुलगा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतो. परवा त्याने गावाकडच्या एका बातमीचं भाषांतर करून आणलं. कुणीतरी रातोरात अर्ध्या एकराची द्राक्षबाग खोडातून कापली होती. गोडी छाटणी होऊन गेलेली, मण्यांत पाणी उतरत आलेलं. त्याने लिहिलं होतं, ‘वॉन्टन डिस्ट्रक्शन’, म्हणजे कुणाची पर्वा न करता, विनाकारण केलेली नासधूस. मी विचारलं, कापणारा सापडला का? म्हणाला, “हो मॅडम, भाऊबंदच निघाला. बांधावरून वाद होता.” मग हा शब्द इथे बसत नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटेना. इतकी मोठी नासधूस, मग वॉन्टन का नाही?

नाशिकला सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालयात भाषांतराच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात या एका शब्दाने मला पुष्कळ शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ‘वॉन्टन्ली’चं भाषांतर ‘मुद्दाम’ असं केलं. कागद परत आला, त्या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ. भारतीय दंड संहितेचं 153 वं कलम उघडलं तेव्हा चूक कळली. दंगा व्हावा म्हणून बेकायदा कृत्य करून चिथावणी देण्याबद्दलचं ते कलम. त्यात ‘मॅलिग्नंटली ऑर वॉन्टन्ली’ असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पहिल्यात मनातला आकस आहे. दुसऱ्यात आकस असायलाच हवा असं नाही. आपल्या करण्याने कुणाचं काय होईल याची फिकीर नसली की झालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हे कलम 192 वं आहे आणि ही जोडी तशीच आहे.

म्हणून शब्द वापरण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. करणाऱ्याकडे तसं करण्याला काही कारण होतं का? आणि दुसऱ्याच्या नुकसानीची त्याला काही पर्वा होती का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर खुशाल वॉन्टन लिहा. भावकीतल्या रागाने बाग कापली, तर ते ‘मॅलिशस’, आकसाने केलेलं. रस्ता रुंद करायचा म्हणून गंगापूर रोडवरचं झाड तोडलं, तर तुम्हाला-मला कितीही वाईट वाटो, त्यामागे काहीतरी हेतू आहे. पण रात्री जाता जाता कुणी गोदाकाठची नवी रोपं उगाच मोडून टाकली, कॉलनीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेला, झोपलेल्या कुत्र्याला दगड मारला, तर हा शब्द तिथला. गारपिटीने बाग झोडपली तर मात्र नाही. गारेला कुणी वळण लावत नसतं.

वळण म्हटलं ते सहज नाही. या शब्दाचं मूळच ते आहे. जुन्या इंग्रजीत ‘वॅन’ हा उपसर्ग उणीव दाखवायचा, आणि पुढचा ‘टोगेन’ म्हणजे वाढवलेला, शिस्त लावलेला. ज्याला वळण लागलेलं नाही, तो वॉन्टन. जर्मनमध्ये ‘उनगेत्सोगेन’ हा शब्द अगदी याच घडणीचा आहे, आजही तो द्वाड मुलाला लावतात. तेव्हा ‘वॉन्ट’ म्हणजे हवं असणं, त्या अर्थाचा इथे काही संबंध नाही. दिसायला सारखं म्हणून ‘हवीहवीशी’ असा अर्थ करून आणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. उच्चार वॉन्टन, जोर पहिल्या अक्षरावर.

आपल्याकडे ‘उच्छृंखल’ आहे, त्यात साखळी तुटलेली आहे. ‘बेलगाम’मध्ये लगाम नाही, आणि इंग्रजीतल्या ‘अनब्रायडल्ड’मध्येही नेमका लगामच नाही. हे दोघे सख्खे भाऊ वाटतात मला. पण वॉन्टनशी त्यांची गल्लत नको. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात पोरं धप्पा मारतात, तो आनंद अनब्रायडल्ड. त्याला वॉन्टन म्हणणं म्हणजे त्या पोरांचा अपमान. मराठीत मी वॉन्टनसाठी प्रसंग पाहून ‘बेछूट’, ‘बेपर्वा’ किंवा नुसतं ‘विनाकारण’ वापरते. वॉन्टन क्रुएल्टी म्हणजे विनाकारण क्रूरपणा. इथे ‘स्वैर’ लिहिलं तर क्रूरपणाची धारच जाते.

पूर्वीच्या इंग्रजीत खोडकर मूल, बागडणारं कोकरू, बेसुमार माजलेली वेल यांनाही हा शब्द लावत. तो लडिवाळ अर्थ आता कवितेपुरता उरला. आणखी एक जुना अर्थ आहे, चारित्र्यावर ठपका ठेवणारा, आणि तो मुख्यतः बायकांना लावला गेला. शब्दकोशात तो सापडेल. वाचताना ओळखा, पण स्वतः लिहू नका. माझ्या वर्गात मी तो लिहू देत नाही.

व्याकरण सोपं आहे. हा शब्द बहुतेक वेळा नामाच्या आधी येतो: वॉन्टन व्हायोलन्स, वॉन्टन वेस्ट, वॉन्टन डिसरिगार्ड. ‘ही इज वॉन्टन’ असं लिहाल तर वाचणाऱ्याच्या मनात तो वरचा जुना अर्थच आधी येईल. त्याच्याआधी ‘व्हेरी’ जोडू नका. कारणच नाही, तर त्यात कमी-जास्त काय असणार? आणि परीक्षेत स्पेलिंग जपा. पहिल्या अक्षरानंतर ‘ए’ आहे. तिथे ‘ओ’ पडला की तो चिनी पदार्थ होतो, कॉलेज रोडवर तळून मिळतो तो.

निफाडच्या मुलाने शेवटी ‘वॉन्टन’ खोडून ‘मॅलिशस’ लिहिलं. मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसला. म्हणाला, “मॅडम, त्याने जाताना ठिबकच्या नळ्यापण कापल्यात. त्या शेजारच्या काकूंच्या होत्या, तिच्याशी त्याचं काहीच नव्हतं.” मी म्हटलं, त्या नळ्यांसाठी वेगळं वाक्य कर, आणि तिथे वॉन्टन लिही.