न्यूरोलॉजिस्टकडे जाताना या चुका टाळा : एमएस, मुंग्या आणि विसरलेल्या तारखा

मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, फसवी बाजू अशी की त्याचा झटका बहुतेकदा आपोआप ओसरतो. एका डोळ्याला अंधुक दिसतं, डोळा फिरवला की दुखतं, लाल रंग फिका वाटतो. काही आठवड्यांत बरं वाटलं की 'मोबाईलचा ताण' म्हणून विषय मिटतो. वर्षा-दोन वर्षांनी पाय बधिर होतात, तेव्हा त्या डोळ्याबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. हा हल्ला वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झाला का, यावर निदान बरंचसं उभं राहतं.

म्हणून पहिली चूक म्हणजे तारखांशिवाय जाणं. एका पानावर लिहा : त्रास कधी सुरू झाला, कोणत्या बाजूला, किती दिवसांत वाढला, किती दिवस टिकला, तेव्हा ताप किंवा लघवीला जळजळ होती का. तारीख आठवत नसेल तर 'द्राक्षांची खरड छाटणी चालू होती' किंवा 'गणपतीच्या आदल्या आठवड्यात' एवढंही पुरतं. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, हेही लिहा. लघवीची घाई, लघवी अडकणं, लैंगिक अडचणी यांबद्दल घरच्यांसमोर बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. मज्जारज्जूतल्या बिघाडाचा तो मोठा पुरावा असतो.

चुकीच्या जागेचा एमआरआय

पायाला मुंग्या आल्या की 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'नस दबली' असं आधीच ठरतं आणि फक्त कमरेचा एमआरआय होतो. पण मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. पायाचा त्रास मानेतल्या किंवा पाठीतल्या मज्जारज्जूवरच्या डागामुळे, म्हणजे मायलिन बिघडलेल्या जागेमुळे, असेल तर तो या फिल्मवर दिसणारच नाही. वयानुसार थोडी सरकलेली मणक्यांमधली गादी मात्र अनेकांना दिसते, आणि तिच्यावर खापर फुटतं. एमएसची शंका असेल तर मेंदू आणि मज्जारज्जू दोन्हींचा, बहुधा कॉन्ट्रास्टसह (शिरेतून दिलेल्या औषधासह), एमआरआय लागतो. कुठला भाग काढायचा हे न्यूरोलॉजिस्टला ठरवू द्या. किडनीचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्टआधी सांगा.

स्कॅन झाल्यावर नुसता छापील रिपोर्ट घरी आणू नका. सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ प्रतिमा मागून घ्या. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात आणि हातात फक्त रिपोर्टचा कागद असेल, तर स्कॅन पुन्हा काढावा लागण्याची शक्यता मोठी. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर काढा, म्हणजे नवा डाग कोणता हे कळतं.

तेल, सुई आणि घाईची इंजेक्शनं

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. नसांच्या तपासणीला, म्हणजे एनसीव्हीला जाताना हातापायालाही तेल-क्रीम नको. फिटची गोळी ईईजीसाठी स्वतःहून बंद करू नका.

तपासणीसाठी पाठीतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती अजून घराघरात आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. नंतर काही दिवस उभं राहिल्यावर डोकं दुखू शकतं, ते वेगळं. त्याच दिवशी रक्ताचाही नमुना दिला आहे ना, हे विचारा. ऑलिगोक्लोनल बँड्सची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या पट्ट्यांची, तुलना पाणी आणि रक्त दोन्हींमध्ये करतात.

नमुना देण्याआधी बी-१२ची इंजेक्शनं सुरू करणं ही शाकाहारी घरांत हमखास होणारी चूक. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, तोल जातो. पण इंजेक्शननंतर रक्तातली पातळी भरलेली दिसते आणि मूळ कारण झाकलं जातं. स्टेरॉइडचंही तसंच. एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे. त्यासाठी अ‍ॅक्वापोरिन-४ अँटीबॉडीची रक्ततपासणी शक्यतो उपचाराआधी व्हावी, कारण एमएसची इंटरफेरॉनसारखी काही औषधं एनएमओ बिघडवतात. आपल्याकडे हा टीबी तर नाही ना, हेही तपासावं लागतं.

एप्रिलचं ऊन आणि खोटा झटका

नाशिकचा पारा ४० अंशांकडे गेला की जुनी लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात : डोळा अंधुक, पाय जड. तापलेल्या शरीरात मायलिन गेलेली नस संदेश नीट पोचवत नाही. गारव्यात बसल्यावर थोड्या वेळात हे ओसरत असेल तर तो नवा झटका नाही. झटका म्हणजे ताप-संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलेला नवा किंवा वाढलेला त्रास. लघवीच्या संसर्गानेही असाच भास होतो, म्हणून स्टेरॉइडआधी लघवी तपासून घ्या. खऱ्या झटक्यात सहसा १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाइनमधून ३ ते ५ दिवस देतात. मधुमेह असेल तर साखर रोज बघा.

बरं वाटलं म्हणून औषध सोडणं

एमएसची नेहमीची औषधं पुढचे झटके टाळण्यासाठी असतात, त्यामुळे घेतल्यावर काही फरक जाणवेलच असं नाही. फिंगोलिमोड हे त्यातलंच एक औषध अचानक सोडलं तर आजार जोरात उसळू शकतो. त्याच्या पहिल्या डोसनंतर ६ तास देखरेखीखाली थांबावं लागतं, ही अट टाळू नका. इंटरफेरॉनची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मूल हवं असेल तर आधीच बोला, काही औषधं महिने आधी बंद करावी लागतात.

आणि काही वेळा ओपीडीच्या तारखेची वाट बघायचीच नसते. तोंड वाकडं, एक हात ढिला, बोलणं अडखळणं : हा पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. १०८ला फोन करा. पायांतून वर चढणारी, दिवसागणिक वाढणारी कमजोरी किंवा ५ मिनिटांत न थांबणारी फिट असेल तरी तेच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आणि पार्किन्सन दोन्ही आहेत. चालणं-लिहिणं कायमचं अवघड झालं असेल तर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून तपासणीला जाताना जुने स्कॅन आणि ते तारखांचं पान फाइलमध्ये लावा.