घरच्या मैफलींच्या कॅसेट संगणकावर उतरवताना

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या अनेक घरांत आजही माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या कॅसेटचा एखादा खोका असतो. त्यात बाजारातून विकत आणलेल्या कॅसेट असतात, आणि त्यांच्याच शेजारी कोणीतरी निळ्या शाईने ‘आप्पांकडची बैठक, यमन व नाट्यपद’ असे लिहून ठेवलेल्या कॅसेटही असतात. विकतच्या कॅसेटची चिंता करण्याचे फारसे कारण नाही, कारण ते गाणे बहुधा दुसरीकडे कुठेतरी जतन झालेले असते. घरच्या बैठकीच्या, देवळातल्या कीर्तनाच्या किंवा गणेशोत्सवातल्या गायनाच्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत सहसा अस्तित्वातच नसते. पुढील मार्गदर्शन या दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटसाठी आहे.

क्षीण विद्युत्‌संकेत मोजणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी याकडे मोजमाप म्हणूनच पाहतो. फितीवर जे आहे ते, काहीही न वाढवता आणि न घटवता, आकड्यांत आणणे हे पहिले काम आहे. ऐकायला गोड करणे हे दुसरे काम आहे, आणि ते नेहमी प्रतीवरच करावे. घरोघरी ही दोन कामे एकत्र केली जातात व त्यात मूळ ध्वनीचे कायमचे नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे.

फीत आणि डेक

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडलेल्या या कॅसेटची फीत केवळ ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते आणि १२० मिनिटांच्या कॅसेटची त्याहूनही पातळ. म्हणून १२० मिनिटांची कॅसेट हाताळताना विशेष जपावे आणि ती वारंवार पुढेमागे पळवू नये.

प्रथम कॅसेट उजेडात धरून पाहावी. फितीच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत ती सर्रास आढळते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्रात, घालू नये, उन्हात वाळवू नये, आणि नाकातोंडावर मास्क असल्याशिवाय तिचे कवच उघडू नये. फितीला हेडवर, म्हणजे तिच्यावरचा ध्वनी वाचणाऱ्या चुंबकीय भागावर, दाबून धरणारी लोकरी गादी जागेवर आहे का, हेही पाहावे. जुना गोंद सुकला की ती गळून पडते आणि मग आवाज मंद व फुटका येतो. पाच स्क्रूंचे कवच उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालणे हे शांतपणे करता येण्याजोगे काम आहे. चिकटवलेले कवच मात्र अनुभवी माणसाकडे द्यावे. कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही प्लास्टिकच्या पापण्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित होणार नाही. वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट उतरवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे नेली की वेटोळ्यांचा ताण सारखा होतो आणि शेजारच्या वेटोळ्याचा आवाज उमटून ऐकू येणारा पुसटसा प्रतिध्वनीही थोडा कमी होतो.

डेक दोन हेडचा का तीन हेडचा, याला इथे महत्त्व नाही. त्याचा वेग स्थिर असावा, हेड झिजलेले नसावे आणि त्याला ‘लाइन आउट’, म्हणजे संकेत दुसऱ्या यंत्राला देण्याची जोडणी, असावे. थेट यूएसबीने जोडण्याचे जे स्वस्त, हलके प्लेअर सध्या मिळतात त्यांचा वेग सहसा डळमळतो. लांबलेल्या षड्जावर ते लगेच कानाला खटकते. एखादा जुना, वजनदार डेक दुरुस्त करून आणि त्याचे पट्टे बदलून घेणे केव्हाही चांगले. हेड आणि कॅपस्टन, म्हणजे फीत पुढे ओढणारा फिरता धातूचा दांडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. फितीला कॅपस्टनवर दाबणारे रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, मात्र किंचित ओलसर कापडाने पुसलेले बरे, कारण अल्कोहोलने रबर कोरडे पडते.

हेडचा कोन

पुढील बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सर्वाधिक महत्त्वाची आहे. १० किलोहर्ट्झचा स्वर फितीवर नोंदला जातो तेव्हा त्याच्या एका लहरीची लांबी ४.७६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हेडची फट फितीशी ज्या कोनात होती, नेमक्या त्याच कोनात वाजवतानाही असायला हवी. एकमार्गी म्हणजे मोनो पट्टा साधारण दीड मिलिमीटर रुंद असतो, आणि पाव अंशापेक्षाही कमी फरकाने त्यावरचे हे वरचे कंप जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. घरच्या बैठका बहुधा छोट्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झालेल्या असतात. त्या यंत्रांच्या हेडचा कोन क्वचितच अचूक असे, आणि म्हणून आपला डेक कितीही उत्तम जुळवलेला असला तरी त्या कॅसेटशी तो जुळलेला नसतो. आवाज बसका, कांबळ्याआडून आल्यासारखा वाटतो, ऐकणारा फितीला दोष देतो आणि नंतर संगणकावर वरचे स्वर वाढवू पाहतो. जे हेडने उचललेच नाही ते संगणकाला परत आणता येत नाही, त्याने फक्त फितीची सरसर वाढते.

यावर उपाय सोपा आहे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. बहुतेक डेकमध्ये कॅसेटच्या दाराची पुढची पट्टी काढली की त्याच्यापर्यंत पेचकस पोहोचतो. प्रथम स्क्रूची मूळ जागा शाईने खूण करून ठेवावी, म्हणजे काम झाल्यावर तो तिथे परत आणता येईल. पेचकस चुंबकीय नसावा. मग कॅसेट लावून, डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांचा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनो करून, हेडफोनवर ऐकावे आणि स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवावा. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्याने कोनातला बारीक फरकही लगेच जाणवतो. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, मंजिऱ्यांचा नाद, गायकाच्या उच्चारातला ‘स’ ही व्यंजने आणि बोल जिथे सर्वांत लखलखीत ऐकू येतात, ती योग्य जागा. मुद्रण मोनो असेल तर संगणकाच्या पडद्यावर दोन्ही वाहिन्यांच्या लहरी एकमेकींच्या तंतोतंत खाली आलेल्या दिसतात आणि कानाला डोळ्याची साक्ष मिळते. हे प्रत्येक कॅसेटसाठी आणि बऱ्याचदा प्रत्येक बाजूसाठी नव्याने करावे लागते. या कामासाठी वायरचे हेडफोन वापरावेत, कारण ब्लूटूथमध्ये ध्वनीचे संकोचन होते आणि आपण पारखत असतो ती बारकी टोके त्यात बदलू शकतात.

कॅसेटवर ‘डॉल्बी’ या सरसर कमी करणाऱ्या पद्धतीची खूण असेल तर डेकवरचे डॉल्बी लावावे, पण कोन जुळल्यानंतरच, कारण वरचे स्वर आधीच दबलेले असतील तर ते परिपथ त्यांना आणखी दाबते. खूण नसेल तर ते बंद ठेवावे.

जोडणी आणि पातळी

लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात डेकची वायर खोचू नये. ते छिद्र सहसा एकाच वाहिनीचे असते आणि माइकच्या क्षीण संकेतासाठी बनवलेले असते. लाइन इनपुट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून संगणकाला देणारी छोटी पेटी, घ्यावा. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार मोजमापे), २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई) आणि ध्वनी न दाबता साठवणारी वॅव फाइल ही निवड घरगुती कामासाठी पुरेशी आहे. या हिशेबाने ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे दीड गिगाबाइट जागा लागते. कॅसेटवरच्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ५० ते ६० डेसिबेल असते आणि १६ बिटांत ते सहज मावते, मग २४ बिट कशाला, हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की २४ बिटांत वर मोकळी जागा सोडता येते. सर्वांत जोराची थाप उणे १० ते उणे १२ डेसिबेलच्या (शून्य ही संगणकातली कमाल मर्यादा) आसपास राहील अशी पातळी ठेवली की तिहाईच्या समेवर टोक कापले जात नाही आणि गाणे चालू असताना बटणाला हात लावावा लागत नाही. मुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटेच लागतात. मी तेवढ्या वेळात मोजमापांचे तक्ते आणि आलेख तयार करण्याचे काम करतो. शोधनिबंधाचे लेखन मात्र त्या वेळी करत नाही, कारण बडा ख्याल कान पूर्णपणे मागून घेतो आणि त्याला तो द्यावा असेच मला वाटते. शिवाय मधूनमधून लक्षपूर्वक ऐकावेच लागते. जुन्या फितीचा तपकिरी थर हेडवर साचला की आवाज हळूहळू बसत जातो. तसे झाले तर थांबून, हेड पुसून, ती बाजू पहिल्यापासून पुन्हा घ्यावी.

वेग आणि पट्टी

डेकचा वेग तपासण्यासाठी ३१५० हर्ट्झचा स्वर मुद्रित केलेली चाचणी कॅसेट मिळते. संगणकाच्या वर्णपटात, म्हणजे ध्वनीतल्या वारंवारता दाखवणाऱ्या आलेखात, तो स्वर ३१८० वर दिसला तर डेक सुमारे एक टक्का जास्त वेगाने चालतो आहे. पुष्कळ डेकमध्ये मोटरच्या मागच्या छिद्रातून हा वेग जुळवता येतो.

मूळ टेपरेकॉर्डरचा वेग बरोबर होता का, हा अधिक कठीण प्रश्न आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रावरच्या मुद्रणात वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घुमघुम उमटलेली असते आणि तिच्यावरून वेग काढण्याचा मोह होतो. आपल्याकडे हे प्रमाण तितकेसे भरवशाचे नाही. २००२-०३च्या सुमारास वीजदरांची नवी पद्धत लागू होण्यापूर्वी आपल्या ग्रिडची वारंवारता ४८ ते ५२ हर्ट्झमध्ये हेलकावे खात असे. म्हणजे चार टक्क्यांपर्यंतची चूक, आणि अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के. त्यापेक्षा पेटीची साक्ष बरी, कारण तिचे सूर हवामानाने फारसे हलत नाहीत. काळी एक या पट्टीचा षड्ज २७७ हर्ट्झच्या आसपास येतो. तो २८५ च्या जवळ येत असेल आणि पेटीचे इतर सूरही त्याच प्रमाणात चढलेले असतील, तर टेपरेकॉर्डर मुद्रणाच्या वेळी सुमारे तीन टक्के हळू चालला असावा. जुन्या पेट्यांची स्वरजुळणी वेगवेगळी असे, त्यामुळे गायकाची पट्टी माहीत असलेल्या कोणाला तरी विचारावे.

एका बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी तानपुऱ्याचा षड्ज मोजावा. तो संथपणे चढत गेलेला आढळला तर मुद्रणाच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरत होते. यंत्र मंदावत गेले आणि म्हणून आज योग्य वेगाने वाजवताना सूर चढतात. दुरुस्ती प्रतीवर करावी आणि सॉफ्टवेअरमधला वेग व पट्टी एकत्र बदलणारा पर्याय निवडावा. फक्त पट्टी उतरवली तर लय चुकीचीच राहते, कारण यंत्राने सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात बदललेले असतात.

सरसर घालवण्याबद्दल

सॉफ्टवेअरमध्ये सरसर कमी करण्याची सोय असते. तिला ‘गाणे नसलेला’ तुकडा दाखवायचा, मग ती तशा प्रकारचा ध्वनी सर्वत्र वजा करते. आपल्या बैठकीत गाणे नसते तेव्हाही तानपुरा वाजत असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात दाखवले होते की तानपुऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे, साधी तार एखाद्या ठिकाणी छेडल्याने जे उपस्वर मिळू नयेत तेही जोरकसपणे मिळतात. जवारी म्हणून ओळखली जाणारी ही झळाळी नेमकी त्या वरच्या, अखंड पट्ट्यात असते जिथे सरसरही असते. म्हणून वजाबाकीनंतर गाणे स्वच्छ पण निराधार ऐकू येते. तुकडा घ्यायचाच असेल तर तानपुरे सुरू होण्यापूर्वीचा, नुसत्या फितीचा घ्यावा आणि सहा डेसिबेलपेक्षा अधिक वजा करू नये. छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप बदलत असे, त्यामुळे जोराच्या थापेनंतर तानपुरा खाली जाऊन पुन्हा वर येतो. हा चढउतार समान करू पाहणारे उपाय मला तरी कधी समाधानकारक वाटले नाहीत.

नोंदी, प्रती आणि हक्क

मूळ वॅव फाइलला हात लावू नये. ऐकण्यासाठीच्या प्रती आणि रागांनुसार तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. प्रत्येक कॅसेटची नोंद लिहावी: कॅसेटवरचा मजकूर जसाच्या तसा, कार्डाचे छायाचित्र, बाजू, डेक, डॉल्बी, उतरवल्याची तारीख, आणि गायक, साथीदार, राग, ताल, ठिकाण व वर्ष. जे कॅसेटवर लिहिलेले आहे आणि जे आपण अंदाजाने ठरवले आहे ते वेगवेगळ्या रकान्यांत असावे. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना शेजारी बसवून ऐकवावे. पेटीवर कोण होते, मधेच ‘वा’ म्हणणारा आवाज कोणाचा, हे तेच सांगू शकतात, आणि हे काम पुढे ढकलू नये. प्रती तीन असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, आणि चेकसम (फाइल बदलली का हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) काढून वर्षातून एकदा फाइली तपासाव्यात.

कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क भारतीय कायद्यानुसार ५० वर्षे टिकतो. घरात ऐकणे वेगळे आणि सार्वजनिक करणे वेगळे, म्हणून इंटरनेटवर टाकण्यापूर्वी कलाकाराला किंवा त्यांच्या कुटुंबाला विचारावे. पुष्कळदा त्यांच्याकडेही ती बैठक नसते आणि त्यांना प्रत दिल्याचा आनंद मोठा असतो. मुद्रण दुर्मीळ असेल तर गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या ध्वनिसंग्रहासारख्या संस्थेशी बोलावे.

उतरवून झालेल्या कॅसेट टाकून देऊ नयेत. फीत पूर्ण गुंडाळून, डबीत, उभ्या स्थितीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि स्पीकरच्या चुंबकांपासून दूर ठेवाव्यात. उद्या अधिक चांगला डेक हाती आला तर पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागेल.