मानसिक आजार असलेल्या माणसाला अटक झाली तर या चुका टाळा

बाजारातल्या भांडणावरून पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला उचललं, तेव्हा आम्ही सात जण ठाण्यावर धावलो. वकील शोधला, ओळखीपाळखी काढल्या. त्याच्या गोळ्या आणि फाईल मात्र देव्हाऱ्याखालच्या डब्यातच राहिली.

दुसरी चूक काकांची. बहिणीचं लग्न ठरत होतं, म्हणून आजाराचं नाव काढायचं नाही असं त्यांनी बजावलं. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. तिथे भाऊ गप्प, आम्हीही गप्प. कागदावर आलं, 'तक्रार नाही'. आई ठाण्यात रडून सांगत होती, "मना पोऱ्या येडा नही शे." खरंच होतं तिचं. पण तेवढ्यानं काही नोंदलं जात नाही. साधा अर्ज लिहा: आजाराचं नाव, किती वर्षांपासून, औषधं, डॉक्टर. सोबत झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. चोवीस तासांत त्याला न्यायालयात उभं करावं लागतं. तीच प्रत वकिलामार्फत न्यायाधीशांपुढे ठेवा. वकील परवडत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आईनं गोळ्या पुडीत बांधून शिपायाच्या हातात कोंबल्या. त्यानं घेतल्या नाहीत, आणि बरोबर केलं. पाकिटासकट, डॉक्टरच्या चिठ्ठीसह द्या.

गोळ्या पोचल्या म्हणजे काम झालं असंही नाही. भावाला लिथियम चालू आहे. आपल्याकडचा मे महिना, बंद कोठडी. अंगातलं पाणी कमी झालं की हे औषध रक्तात वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, झोक जातो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. म्हणून अर्जातच लिहा की त्याला भरपूर पाणी लागतं आणि ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखान्यात न्या. कुणाला क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं दुसरं औषध चालू असेल आणि ते दोन दिवसांहून जास्त चुकलं असेल, तर जुना डोस एकदम सुरू करू नका. डॉक्टर तो कमीपासून चढवतात.

सर्टिफिकेट दाखवलं की सुटका, हाही गैरसमज. कृत्य करताना त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का, हे न्यायालय तपासतं. त्यासाठी जुन्या तारखांचे कागद लागतात. एकही चिठ्ठी फेकू नका, आणि मूळ फाईल कुणालाच देऊ नका.

ठाण्यात दिलेला कागद कारागृहात आपोआप जात नाही. तिथल्या डॉक्टरांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आम्हाला हे नवव्या दिवशी कळलं. मुलाखतीत जाळीपलीकडून भाऊ म्हणाला, "दादा, झोपच नाही रे."